आठ काजांचा कोट

कोट मंगळवारी सकाळी आला आणि तो पोचवायला खुद्द लिलाववाले साहेब आले. तिथेच मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली.

एरवी लिलावघराचं काम हमालाच्या खांद्यावरून यायचं. कसर लागलेली एखादी फौजी टोपी, कुण्या घोडेस्वाराची शिवण सुटलेली तुमान, आणि गाठोड्याला टाचलेली चिठ्ठी: "टाके मोजके घाला. नवं दिसता कामा नये." मास्तरांचा जन्म गणवेष शिवण्यात गेलेला. बंदरावरचे खलाशी, बंबवाले, बँडवाले, सगळ्यांच्या पाठीवर त्यांचीच टीप. म्हणून लिलावघराला मास्तर सोयीचे आणि मास्तरांना लिलावघर. कारण त्यांना एक नाद होता, जुन्या आरमारी वस्तूंचा. दुर्बिणी, होकायंत्रं, जहाजावरच्या घंटा या मोठ्या लोकांच्या गोष्टी. मास्तर आपले बटणांवर खूश. ज्या ट्रेवर कुणी बोली लावत नाही असे बटणांचे ट्रे ते उचलायचे, घरी आणायचे आणि लोकरीच्या फडक्याने एकेक बटण पुसत बसायचे. पॉलिश मात्र कधी लावायचे नाहीत. "पॉलिश लावणारा माणूस उद्या आपल्या आजोबांच्या सुरकुत्याही पुसून काढेल," असं म्हणायचे.

तर साहेबांनी कागदात गुंडाळलेला कोट कापायच्या टेबलावर ठेवला.

"शनिवारच्या लिलावातला मुख्य माल आहे हा, मास्तर. डाव्या काखेत अस्तर निसटलंय, तेवढं बघा. शुक्रवारी दुपारपर्यंत मिळाला की झालं."

"एवढ्यासाठी तुम्ही आलात?"

"इकडूनच चाललो होतो."

"इकडून कुठे? पुढे गल्ली बंद आहे."

साहेबांनी रुमालाने कपाळ टिपलं. "तुमच्यापुढे काही लपत नाही बुवा. बरं, आणखी एक. शिवण त्या काळचीच आहे अशी एक ओळ लिहून द्या. खाली सही करा. तुमची सही दिसली की लोकांना धीर येतो."

"आणि त्या काळची नसली तर?"

"तर तसं लिहा. कुणी शिवला, कधी शिवला, जे दिसेल ते. बिनदिक्कत."

हे बोलताना साहेबांची नजर मास्तरांच्या तोंडावर होती, कोटावर नव्हती. मास्तरांनी ते टिपून ठेवलं. माल विकणारा माणूस त्यातली चूक काढायला स्वतःहून सांगतोय, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

साहेब गेल्यावर त्यांनी कागद सोडला. गडद निळा, जड लोकरीचा, गुडघ्यापर्यंत येणारा कोट. सोबतच्या छापील यादीत लिहिलं होतं की दीडशे वर्षांपूर्वी लढाईत बुडालेल्या जहाजाच्या अधिकाऱ्याचा हा कोट त्याच्या घरच्यांनी जपून ठेवला होता. पुढे आठ बटणं, आठ काजं. बाह्यांना मनगटाशी सोन्याच्या तारेच्या फितीचे दोन-दोन वेढे, आणि फितीत विणलेले बारीक नांगर.

मास्तर फितीवरून बोट फिरवत गेले. एक नांगर, दुसरा, तिसरा. सातव्या नांगराशी बोट थांबलं. त्याला एकच हात होता. दुसरा हात विणणाऱ्याच्या मागावर कधीतरी निसटला असणार. ते पुढे मोजत गेले. पुन्हा सातवा लंगडा.

ते स्टुलावर बसले.

ही फीत त्यांचीच होती. लिलावात त्यांनी घेतलेली पहिली वस्तू. तेव्हा ते तिशीत होते आणि मागच्या भिंतीला टेकून त्यांनी बोली लावली होती. सहा हात लांबीची खरीखुरी आरमारी फीत, दर सातवा नांगर लंगडा. म्हणूनच कुणाला नको होती, म्हणूनच त्यांना मिळाली. बटर-पेपरात गुंडाळून त्यांनी ती दुकानातल्या सगळ्यात खालच्या खणात ठेवली होती. कापायची नव्हती, लावायची नव्हती. नुसती असू द्यायची होती.

वीस वर्षांपूर्वी बाबा गेले. महिन्याभराने दोघा भावांनी मिळून खण उपसले. बटर-पेपर होता, चारही घड्या जिथल्या तिथे. आत फीत नव्हती. दुकानाच्या किल्ल्या दोनच, एक मास्तरांकडे आणि एक दादाकडे. दादा तेव्हा नाटकमंडळ्यांचे कपडे शिवायचा. राजाचे झगे, सेनापतीचे अंगरखे. झगमगाटाची गरज त्यालाच.

"फीत तू नेलीस," मास्तर म्हणाले होते.

दादाने हातातला खण खाली ठेवला होता. मग म्हणाला, "नेली. पुढे काय?"

पुढे काही नाही. दादा आपली कात्री, बोटात घालायचं आपलं अंगुस्तान घेऊन दुकानातून उतरला, तो पुन्हा चढला नाही. दोन गल्ल्या सोडून राहतो. रस्त्यात समोरासमोर आले तर एकाला अचानक चपलेत खडा गेल्यासारखं होतं आणि दुसऱ्याला दुकानांच्या पाट्या वाचायच्या असतात.

मास्तरांनी भिंग काढलं आणि वरचं काज पाहिलं. वीण उलटी कललेली होती. उजव्या हाताचा माणूस काज भरतो तेव्हा टाके एका बाजूला कलतात, डावखुरा भरतो तेव्हा दुसऱ्या. शिंप्याला हे सहीसारखं ओळखू येतं. आणि त्यांच्या घरात डावखुरा एकच होता.

बाबांनी दोघांना एकाच पाटावर बसवून शिकवलं होतं. दोरा सुरू करताना गाठ मारायची नाही, जागच्या जागी तीन बारीक टाके घालायचे; गाठ म्हणजे आळस. काजं नेहमी खालून वर भरत जायची, कारण खालची कुणी बघत नाही आणि गळ्याशी पोचेपर्यंत हात गरम झालेला असतो. मास्तरांनी हे सगळं मुकाट्याने गिरवलं. दादा मात्र बेधडक गाठ मारायचा आणि गळ्यापासून खाली यायचा. बाबा मापाच्या गजाने त्याच्या बोटांवर मारायचे. दादा हसून म्हणायचा, "बाबा, माझा सेनापती दुसऱ्या अंकात मरतो. तेवढा वेळ काज टिकलं की झालं!"

असा तो दादा. आणि आता चोरीची फीत लावून, खोटा कोट शिवून, तो लिलावात उभा करतोय. मागच्याच आठवड्यात मास्तरांनी त्याला लिलावघराच्या जिन्यावरून उतरताना पाहिलं होतं. तेव्हा वाटलं, हा कशाला इथे? त्याला जुन्या वस्तूंचं कुठलं वेड? आता कळलं.

दुपारी ते जेवायला वर गेले तर बायको फोनवर बोलत होती. पायऱ्यांवर चप्पल वाजली तशी ती मोठ्याने म्हणाली, "बरं बरं, ठेवते हं." आणि फोन ठेवला.

"कोण होतं?"

"कोणी नाही. चुकीचा नंबर."

"चुकीच्या नंबराला 'ठेवते हं' म्हणतेस? लाडाने?"

"अहो, माणुसकी म्हणून काही असते की नाही? जेवा आता."

जाऊबाईच असणार. वीस वर्षं या दोघी जावांचं गुळपीठ चालू आहे हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. फक्त कधी रंगेहाथ सापडल्या नव्हत्या. त्यांनी घास चावता चावता बायकोकडे पाहिलं. हिलाही ठाऊक आहे की काय कोटाचं? सगळे मिळून आपल्याला कुठेतरी नेऊन बसवतायत असं त्यांना वाटू लागलं, आणि एकदा वाटू लागल्यावर ताटातला भातही कटात सामील असल्यासारखा दिसू लागला.

बुधवारी कप्तान आले. हे गृहस्थ लिलावात पहिल्या रांगेत बसत, नांगराची टायपिन लावत, आणि घरी जहाजाची आख्खी घंटा बाळगून होते. नाव त्यांना लोकांनी दिलेलं. स्वतः मात्र औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेले, आणि पोहता येत नाही म्हणून नावेत पाऊल न ठेवणारे.

"मास्तर, आलाय म्हणे तुमच्याकडे."

"कोण?"

"उगाच वेड पांघरू नका. कोट. नुसता बघतो, हात लावत नाही."

"लिलावघरात बघा शनिवारी."

कप्तान टेबलावर ओणवले. आवाज खाली आणून म्हणाले, "माझी घंटा विकायला काढलीय. या कोटासाठी. आता वय झालं, एक तरी मोलाची गोष्ट घरात असावी. तुम्ही एवढंच सांगा, खरा आहे ना?"

मास्तरांच्या जिभेवर आलं होतं, की फीत खरी आहे आणि कोट लबाड. पण त्यांना शंका आली. याला साहेबांनी तर पाठवलं नसेल? आपण काय बोलतो ते काढून घ्यायला? की दादाने?

"जे काय असेल ते लिहून देणार आहे," ते म्हणाले. "माणसं वाचतील."

कप्तान गेले, पण घंटेची गोष्ट मास्तरांच्या मनातून जाईना. एक भोळा म्हातारा आपली घंटा विकून दादाच्या हातचा नाटकी कोट घेणार. नाही. हे होऊ द्यायचं नाही. आणि एकदा नाव लिहिलं की लिहिलं. या धंद्यात खोटं करणाऱ्याचं नाव वर्षानुवर्षं पुसलं जात नाही. दादाला पुन्हा नाटकवालेसुद्धा उभं करणार नाहीत. न करोत. वीस वर्षं ज्याची नुसती शंका मनात वागवली, तिचा पुरावा देवाने आपणहून टेबलावर आणून ठेवला होता.

गुरुवारी त्यांनी लिहायला घेतलं. "सदर कोट दीडशे वर्षांपूर्वीचा नाही. तो याच शहरातील एका डावखुऱ्या शिंप्याने शिवला असून..." इथे ते थांबले. 'माझा सख्खा भाऊ' असं लिहायचं की नुसता पत्ता द्यायचा? कागद फाडला. दुसरा घेतला. तोही फाडला. संध्याकाळी बायको केर काढायला आली तेव्हा टोपली भरलेली.

"काय लिहिताय एवढं? मृत्युपत्र?"

"तुझ्या जावेला सांग, उद्या कळेल."

बायको केरसुणी धरून उभी राहिली. काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "तुम्हाला सांगून काही उपयोग असता तर केव्हाच सांगितलं असतं," आणि केर भरून निघून गेली. मास्तरांनी हेही वाक्य पुराव्यात जमा केलं.

शुक्रवारी सकाळी ऊन दुकानाच्या उंबऱ्यावरून टेबलापर्यंत आलं. मास्तरांनी ठरवलं, नुसता 'डावखुरा' शब्द पुरणार नाही. दादा उद्या म्हणेल, जगात डावखुरे काय मी एकटाच? तेव्हा एकेक काज तपासायचं, दोष क्रमाने लिहायचे, म्हणजे त्याला पळायला वाट उरायला नको. त्यांनी कोट उन्हात पसरला, भिंग लावलं आणि बाबांनी शिकवलं तसं खालून सुरुवात केली.

पहिलं काज. वेडंवाकडं. टाके एक लांब, एक आखूड, कडेला लोकर उंदराने कुरतडल्यासारखी. एका जागी सुई चुकीची घुसून परत काढल्याचं भोक. मास्तरांनी लिहिलं: "घाईचं, निष्काळजी काम."

दुसरं. तसंच, पण टाके मोजकेच चुकलेले.

तिसऱ्यात दोरा ताणलेला, काज आवळलं गेलेलं. चौथ्यात तो ताण सैल केलेला. कुणीतरी तिसऱ्याची चूक ओळखून चौथ्यात दुरुस्त केली होती.

पाचवं बरं होतं. सहावं चांगलं. सातव्याची एक कड किंचित उचललेली. आणि गळ्याशी असलेलं आठवं काज... मास्तरांनी भिंग बाजूला ठेवलं. त्याला भिंगाची गरज नव्हती. ज्वारीच्या दाण्यांसारखे टाक्याला टाका लागून बसले होते.

घाईत असलेल्या माणसाचं काम शेवटी बिघडत जातं, सुधारत नाही.

आणि दादा डावखुरा जन्माचा. त्याने आयुष्यात हजारो काजं डाव्या हाताने भरली. त्याचं पहिलं काज असं कसं असेल? शिवाय तो गळ्यापासून खाली येतो. हे काम गळ्याशी संपलं होतं. खालून वर.

मास्तरांनी कोट उलटा केला. काखेतलं अस्तर निसटलं होतं तिथे बोटं घालून आतला दोरा जिथे सुरू होतो ती जागा शोधली. त्यांना गाठ हवी होती. देवा, तिथे गाठ असू दे, असं ते मनात म्हणाले, कारण गाठ असती तर वीस वर्षांचा हिशेब जिथल्या तिथे राहिला असता.

गाठ नव्हती. जागच्या जागी घातलेले तीन बारीक टाके होते.

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ते पासष्टीचे होते. उजवा हात लुळा पडला. तरी रोज दुकानात येऊन बसत. एकदा त्यांनी गुपचूप डाव्या हाताने गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला बटण लावलं. ते पहिल्याच दिवशी निघालं आणि गिऱ्हाईक चार लोकांत बोलून गेलं. मास्तर त्या दिवशी आधीच वैतागलेले होते. म्हणाले, "बाबा, आता सुई खाली ठेवा. पुरे झालं." बाबांनी सुई टाचण्यांच्या उशीला टोचली आणि हात मांडीवर ठेवला. त्यानंतर कधी मागितली नाही. तेव्हापासून दुपारी जेवले की ते दादाकडे झोपायला जायचे. "तुझ्याकडे यंत्राची खडखड," म्हणायचे. मास्तरांना वाटायचं, बरं झालं, म्हाताऱ्याला विश्रांती मिळते.

दोन वर्षं रोज दुपारी.

मास्तरांनी आजचा कागदही फाडला. कोटाची घडी केली, कागदात गुंडाळला, दुकानाला कुलूप न लावताच ते निघाले. दोन गल्ल्या. वाटेत कुणाच्याही दुकानाची पाटी त्यांनी वाचली नाही.

दार वहिनींनी उघडलं. त्यांनी दिराच्या तोंडाकडे पाहिलं, हातातल्या पुडक्याकडे पाहिलं, आणि आत वळून एवढंच म्हणाल्या, "अहो, आलेत."

दादा खिडकीशी बसून कुठल्याशा राजाच्या झग्याला चमक्या लावत होता. केस पार पांढरे झालेले. त्याने मान वर केली नाही.

"चप्पल काढून ये. खाली टाचण्या सांडल्यात."

मास्तरांनी पुडकं त्याच्यासमोर सोडलं. खालच्या काजावर बोट ठेवलं आणि एकेक करत वर नेलं. गळ्याशी आल्यावर बोट तिथेच राहिलं.

"बाबा," ते म्हणाले.

"हां," दादा म्हणाला. "वीस वर्षं लागली तुला आठ काजं वाचायला. आणि म्हणे उस्ताद शिंपी."

"तू 'नेली' का म्हणालास?"

"मग काय म्हणू? बाबांनी तुझ्या खणातून चोरली म्हणू? आपल्याच दुकानातून, आपल्याच मुलाला भिऊन?" दादाने सुई झग्याला टोचून ठेवली. "वर्ष गेलं त्यांचं हे शिकण्यात. जुन्या चादरी फाडून फाडून साधे टाके घालायचे; काजं मात्र थेट या कोटावरच शिकले. बोटांना नुसती चाळण झालेली. मग एक दिवस म्हणाले, आता एक पुरा कोट शिवतो. आरमारी. ऐन उमेदीत शिवायचे तसा. कापड मी दिलं. फीत मी देत होतो नाटकातली, तर मला झापलं. म्हणाले, खऱ्या कोटाला खरी फीत लागते, धाकट्याकडे आहे. घेतो आणि कोट झाला की त्यालाच दाखवतो. तोवर तोंड उघडायचं नाही."

"मग दाखवला का नाही?"

"आठवं काज झालं त्याच आठवड्यात गेले ना."

वहिनींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. कुणी घेतला नाही.

"तू मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं," दादा म्हणाला. "तू विचारलं नाहीस. तू सांगितलंस, फीत तू नेलीस म्हणून. मलाही राग येतो की. आणि खरं सांगू? रागाच्या खाली दुसरंही होतं. तुला कळलं असतं तर तू स्वतःला माफ केलं नसतंस. म्हटलं, माझ्यावर चिडलेला बरा. चिडलेला माणूस जेवतो तरी."

मास्तर खाली टाचण्यांमध्येच बसले. शेवटी, सवय जात नाही म्हणून, त्यांनी डोळे पुसत विचारलं, "लिलावघरात काय करत होतास मागच्या आठवड्यात?"

दादा खो खो हसला. "बघा! अजून तपास चालूच! अरे, कोट मी नाटकमंडळीला दिला होता. घरात बघवेना. मंडळी मोडली, पेटारे विकले गेले, कुणा जुन्या बाजारवाल्याने त्याला बुडालेलं जहाज चिकटवलं. लिलावघराच्या काचेत फोटो दिसला. वर जाऊन त्या हातोडीवाल्याला सांगितलं, हा नाटकातला कोट आहे. म्हणे, शिवला कुणी? मी म्हटलं, ते मी नाही सांगणार. तुमचा शिंपी सांगेल, तेवढा शहाणा असेल तर."

"म्हणून साहेब स्वतः आले."

"आणि तुझ्या बायकोला तुझी वहिनी रोज फोन करतेय, वाचला का, वाचला का म्हणून."

म्हणजे कट होताच. फक्त तो कशाचा होता हे मास्तरांना कळलं नव्हतं.

दुपारी बाराच्या आत साहेबांच्या टेबलावर कागद पोचला. त्यात लिहिलं होतं: "कोट वीस वर्षांपूर्वीचा. दीडशे वर्षांचा नाही. बाहीची फीत मात्र जुनी आणि अस्सल. शिवणारा माझा बाप. उजवा हात गेल्यावर डाव्याने शिवलेला." खाली सही.

शनिवारी साहेबांनी तो कागद भर सभेत जसाच्या तसा वाचला. पहिल्या रांगेत कप्तानांनी सुस्कारा टाकला, घंटा वाचली. पण मग त्यांची मान पुन्हा ताठ झाली. अस्सल फीत! कोट उसवला की चार वेढे फीत सुटी निघेल. बोली सुरू झाली तसा कप्तानांचा हात वर गेला.

तिसऱ्या रांगेतून मास्तरांनी हात वर केला. कप्तानांनी केला. मास्तरांनी केला. मग मास्तरांच्या शेजारून एक डावा हात वर गेला. लगेच मास्तरांचा. पुन्हा डावा.

साहेबांनी हातोडी खाली ठेवली. "मास्तर, कप्तान केव्हाचे थांबलेत. तुमच्या शेजारचे गृहस्थ आणि तुम्ही, दोघंच एकमेकांवर चढताय."

सगळी सभा हसली. दादा करवादला, "अरे, तू हात खाली घे ना!"

"तू घे. मी आधी केला होता."

"मी मोठा आहे!"

कप्तान मागे वळून दोघांकडे बघत होते. एकाच नाकाच्या दोन आवृत्त्या. ते साहेबांना म्हणाले, "मी शेवटची जी लावली होती ना, तिथेच द्या यांना. पुढची त्यांची घरातली भांडणं धरू नका." साहेबांनी हातोडी हाणली.

संध्याकाळच्या आधी दोघं दुकानात आले. दादा पायरीशी थबकला, मग चढला. काखेतलं अस्तर अजून निसटलेलंच होतं. मंगळवारपासून कुणी त्याला टाका घातला नव्हता. मास्तरांनी एक बाजू घेतली, दादाने दुसरी. जिन्यावर दोन्ही जावा येऊन उभ्या राहिल्या आणि यावेळी फोनवर नाही, तोंडातोंडी कुजबुजू लागल्या.

मास्तरांनी तीन बारीक टाके घालून दोरा बसवला. मग संशयाने मान वाकडी करून पलीकडे पाहिलं.

"दादा, गाठ मारलीस?"

"मारली."

"उसव."

"बाबा गेले आता. कोण बघतंय?"

मास्तरांनी टेबलावरचा गज उचलला आणि दादाच्या डाव्या बोटांवर हलकेच टेकवला.

दादाने गाठ कातरली आणि सुईत दोरा पुन्हा ओवायला उजेडाकडे धरला.